गोठलेली घरपट्टी, परावलंबी गाव

गोदावरी फुगली की निफाड तालुक्यातल्या सायखेडा आणि चांदोरी या गावांची नावे बातम्यांत येतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो, नाशिकच्या होळकर पुलाखालून किती पाणी चालले आहे याचे आकडे मोबाइलवर फिरू लागतात आणि इकडे सायखेड्याचे दुकानदार गाळ्यांतला माल हलवायला घेतात. वरून नाशिकचे पाणी, खाली नांदूरमध्यमेश्वरचा फुगवटा आणि मध्ये पुलाच्या खांबांना अडकून बसलेल्या पानवेली, अशी या गावाची कोंडी आहे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर अजून इथल्या बोलण्यात असतात.

पाणी ओसरल्यावर मागे गाळ उरतो. बाजारपेठेतला चिखल काढायचा, तुंबलेली गटारे मोकळी करायची, नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकायची, फवारणी करायची, बंद पडलेले पथदिवे सुरू करायचे. पंचनामे तलाठी करतील, मदतीचा आदेश मुंबईहून निघेल, पण सकाळी बोलावलेल्या जेसीबीवाल्याला संध्याकाळी पैसे कोण देणार? अशा वेळी ग्रामपंचायतीचा हात सर्वांत आधी जातो तो स्वनिधीकडे. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, आठवडे बाजाराची फी, गाळ्यांचे भाडे हे सगळे मिळून स्वनिधी होतो. गावाने स्वतः गोळा केलेला आणि गावाने स्वतःच्या मर्जीने खर्च करायचा, असा हा एकच पैसा.

या पैशाचा कणा म्हणजे घरपट्टी. ती किती घ्यायची हे मात्र गाव पूर्णपणे ठरवू शकत नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ ने पंचायतीला इमारती आणि जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार दिला. पण दरांचा किमान आणि कमाल पट्टा राज्य शासन नियमांनी ठरवते. त्या पट्ट्याच्या आत राहूनच पंचायतीने दर निवडायचा. आधी आकारणी घराच्या किमतीवर होई, १९९९ मध्ये ती क्षेत्रफळावर आली, ती पद्धत न्यायालयीन वादात सापडली आणि अखेर ३१ डिसेंबर २०१५ च्या नियमांनी भांडवली मूल्याची पद्धत आणली. रेडीरेकनरचा दर, घराचे बांधकाम, त्याचे वय, वापर राहता की व्यापारी, या सगळ्यांवरून मूल्य काढायचे आणि दर हजार रुपयांमागे काही पैसे किंवा एखाद-दोन रुपये असा कर लावायचा. फेरआकारणी चार वर्षांनी. कागदावर ही पद्धत आधीच्या पद्धतींपेक्षा न्याय्य आहे, कारण मातीचे घर आणि आरसीसीचा बंगला तिला एका मापाने मोजावे लागत नाहीत.

एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. समजा, एखाद्या पक्क्या घराचे भांडवली मूल्य १० लाख रुपये निघाले आणि दर हजारी दीड रुपया ठरला. वर्षाची घरपट्टी झाली १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला चार रुपयांच्या आसपास. त्याच घरात एका मोबाइलला महिन्याला ३०० रुपयांचा रिचार्ज धरला तरी वर्षाचे ३,६०० होतात, आणि घरात मोबाइल एकच नसतो. घरपट्टीची पावती हातात आल्यावर तिच्या रकमेवरून जेवढी चर्चा होते, तेवढी रिचार्जवरून कधी होत नाही. याचे कारण उघड आहे. रिचार्ज संपला की फोन त्याच क्षणी बंद पडतो, घरपट्टी थकली तर काही वर्षे काहीच बंद पडत नाही.

सायखेडा नुसते पूरग्रस्त गाव नाही, ते बाजाराचे गाव आहे. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथे भरतो, कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. एवढी उलाढाल ज्या गावात होते त्या गावाची पंचायत श्रीमंत असावी, असे बाहेरच्याला वाटेल. पण शेतमालाच्या उलाढालीवरची बाजार फी जाते बाजार समितीकडे, कायद्यानेच. विक्रीवरचा कर जातो जीएसटीत, म्हणजे केंद्र आणि राज्याकडे. ट्रॅक्टरचा कर परिवहन खात्याकडे. ट्रॉल्यांनी उखडलेला गावातला रस्ता, बाजाराच्या दिवशीचा कचरा, वाढलेली पाण्याची मागणी मात्र येते पंचायतीकडे. जमीन आणि घर पळून जात नाही, म्हणून जगभर स्थानिक संस्थांना मालमत्ता करच दिला जातो. तोही वरून मुठीत धरला तर पंचायतीच्या हातात काही उरत नाही.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या आर्थिक स्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातली देशभराची सरासरी पाहिली तर २०२२-२३ मध्ये एका पंचायतीला साधारण २१ लाख रुपये मिळाले. त्यात केंद्राकडून आलेले सुमारे १७ लाख, राज्याकडून आलेले सव्वातीन लाख. स्वतःच्या करांतून किती? २१ हजार रुपये. करेतर उत्पन्नाचे ७३ हजार धरले तरी लाखही भरत नाही. महाराष्ट्रातल्या बाजारपेठेच्या गावांची स्थिती याहून बरी असते हे खरे, पण चित्राची दिशा तीच. शंभरातला एक रुपया स्वतःच्या करातून मिळवणाऱ्या संस्थेला ‘स्थानिक स्वराज्य’ म्हणायचे, हे जरा धाडसाचेच.

यावर नेहमीचे उत्तर असे की, वित्त आयोगाचा निधी थेट गावाच्या खात्यात येतो, मग घरपट्टीची रड कशाला? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपये सुचवले, ही लहान रक्कम नव्हे. पण त्यातला ६० टक्के निधी बंधित : निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, तरी त्यातून पगार आणि आस्थापना खर्च भागवायचा नाही. कामे आधी आराखड्यात घ्यायची, ती ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायची, मग खर्च करायचा. नियोजनासाठी हे ठीकच आहे. नदी मात्र आराखडा पाहून येत नाही.

अनुदानाच्या पैशाला मालक दुसरा असतो, हे २०२१ च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या सरपंचांना चांगलेच कळले. पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची वीजबिले थकली म्हणून महावितरणने ठिकठिकाणी वीज तोडली. गावे अंधारात गेली. मग शासनाचा आदेश निघाला, ही बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा. विकासाच्या कामांसाठी आलेला पैसा बिलात जाणार म्हणून सरपंचांनी ओरड केली, निवेदने दिली. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण ज्या दिव्यांच्या नावाने गावात ‘दिवाबत्ती कर’ आकारला जातो, त्या दिव्यांचे बिल त्या करातून का भागत नाही, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. कर इतका तोकडा, वसुली इतकी ढिली आणि बिल व्यापारी हिशेबाने वाढणारे. हे गणित कधीतरी फसणारच होते.

सर्वांत जास्त चटका बसतो तो पंचायतीच्या कर्मचाऱ्याला. पहाटे व्हॉल्व्ह फिरवणारा, गटार काढणारा, मार्चअखेर दारोदार पावतीपुस्तक घेऊन हिंडणारा हा माणूस. त्याच्या किमान वेतनातला शासनाचा हिस्सा वसुलीच्या टक्केवारीशी बांधलेला. वसुली कमी, तर शासनाचा हिस्सा कमी आणि उरलेला भार पुन्हा पंचायतीच्याच रिकाम्या तिजोरीवर. ही वसुलीची अट काढा, अशी ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या संघटनांची जुनी मागणी आहे. दर ठरवताना ज्याला कुणी विचारत नाही, सूट जाहीर करताना ज्याची आठवण होत नाही, त्याच्याच पगारातून तिची किंमत वळती होते.

शिवाय जमा झालेल्या स्वनिधीलाही वाटा आधीच ठरलेल्या : १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. या तरतुदी योग्यच आहेत आणि त्या राहाव्यात. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. घरपट्टी गोठली की फक्त रस्ता आणि गटार अडत नाही, दिव्यांग माणसाला मिळणारी मदतही त्याच प्रमाणात आटते. करमर्यादा गरिबांच्या बाजूची असते, ही समजूत इथे डळमळते.

मर्यादा येतात कुठून, हेही समजून घ्यायला हवे. त्या नुसत्या राजकीय लांगूलचालनातून आलेल्या नाहीत. कर भरणाऱ्याची भीती खरी असते. कांद्याचे भाव कोसळलेले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आलेली, त्यात अवकाळीने द्राक्षबाग झोडपलेली, अशा वर्षी घरपट्टीची मागणी दुप्पट होऊन आली तर निफाडचा शेतकरी चिडणारच. घर असणे म्हणजे हातात रोकड असणे नव्हे. रेडीरेकनरने घराचे मूल्य वाढवले म्हणून घरातल्या म्हातारीचे उत्पन्न वाढत नाही. गावाबाहेर मळ्यात राहणाऱ्यांचे म्हणणे आणखी वेगळे : आमच्या वस्तीपर्यंत रस्ता नाही, नळ नाही, दिवा नाही, मग पट्टी कसली? या प्रश्नांना उत्तर द्यावेच लागते. वाद आहे तो उपायाबद्दल.

या भीतीला सर्वांत ठोस कायदेशीर रूप मिळाले ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. १९७० च्या दशकात तिथे घरांच्या किमती झपाट्याने चढल्या, करही चढले, निवृत्त माणसे घर विकण्याची भाषा करू लागली. ६ जून १९७८ रोजी ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव मतदारांनी मोठ्या बहुमताने मंजूर केला. मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यापेक्षा जास्त नाही, करासाठी धरलेले मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढणार नाही, खरी किंमत लागू होणार ती मालमत्ता विकली गेल्यावरच. स्थानिक संस्थांचे मालमत्ता कराचे उत्पन्न एका झटक्यात निम्म्याहून खाली आले. शाळांच्या खर्चाचा भार आणि त्याबरोबर निर्णयही राज्याच्या राजधानीकडे सरकला. शहरांनी शुल्के वाढवली आणि घरांपेक्षा विक्रीकर देणाऱ्या मोठमोठ्या दुकानांना जागा देण्याकडे त्यांचा ओढा वाढला.

आणि फायदा कुणाला झाला? उद्योगपती वॉरन बफे यांनी २००३ मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. नेब्रास्कातल्या ओमाहामधल्या त्यांच्या पाच लाख डॉलरच्या घराला वर्षाला चौदा हजार डॉलरहून जास्त कर होता आणि कॅलिफोर्नियातल्या समुद्राकाठच्या चाळीस लाख डॉलरच्या घराला सव्वादोन हजारांच्या आसपास. निवृत्त शिक्षिकेसाठी बांधलेल्या छत्रीखाली जगातला एक अतिश्रीमंत माणूस आरामात उभा होता, आणि हे त्याला स्वतःलाच खटकले. त्याच गल्लीत नवे घर घेणाऱ्या तरुण जोडप्याला मात्र पूर्ण कर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही विषमता घटनाबाह्य नाही असे ठरवले. ती न्याय्य आहे का, हा वाद अजून चालू आहे.

महाराष्ट्राचे प्रपोझिशन १३ एका दिवसात आले नाही. ते तुकड्यातुकड्यांनी, अधिवेशनांच्या आणि निवडणुकांच्या मुहूर्तावर येत गेले. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आला तेव्हाच वाढीला कुंपण घालण्यात आले. पुढे दर पाच वर्षांच्या फेरआकारणीत ४० टक्क्यांहून जास्त वाढ नाही, अशी कमाल मर्यादा ठरली. २०२० मध्ये येऊ घातलेली फेरआकारणी कोविडमुळे पुढे ढकलली गेली आणि नंतरही ढकलली जात राहिली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी २०१९ मध्ये गाजावाजा करून जाहीर झाली, पण प्रत्यक्षात माफ झाला तो बिलातला फक्त सर्वसाधारण कर. लोकांनी बिले हातात घेऊन विचारले, ही कसली माफी? मग १ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी संपूर्ण माफी जाहीर केली. सुमारे १६ लाख घरांना लाभ आणि महापालिकेच्या उत्पन्नात वर्षाला ४०० कोटींहून अधिक घट.

मानखुर्दच्या इमारतीतले ४५० चौरस फुटांचे घर आणि मलबार हिलच्या उतारावरचे तेवढेच घर या माफीच्या नजरेत सारखेच. क्षेत्रफळावर माफी दिली की असे होते. मुंबई महापालिकेच्या हजारो कोटींच्या ठेवी असल्यामुळे तिला हा घाव तेव्हा जाणवला नाही. पण एकदा मुंबईला दिले की ठाण्याने मागायचे, ठाण्यानंतर पुण्याने. पुण्यात तर स्वतः राहणाऱ्या घरमालकांना १९७० पासून ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप आला, राज्याने ती थांबवली, लोकांना वाढीव बिले गेली आणि शेवटी २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानेच ती परत दिली. या सगळ्या प्रवासात पुण्याच्या नगरसेवकांनी नेमके काय ठरवले, हे शोधायला कष्ट पडतात. कर शहराचा आणि निर्णय राज्याचा.

नाशिकची गोष्ट सायखेड्याला जवळची, आणि ती उलट बाजूने शिकवणारी. जकात गेली, २०१३ मध्ये एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्यावर जगू लागली. स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो मालमत्ता करच, आणि त्याचे भाडेमूल्याचे दर तर कित्येक वर्षे हललेले नव्हते. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या तुकाराम मुंढे यांनी ३१ मार्चला आदेश काढून भाडेमूल्याचे दर एकदम वाढवले. मोकळ्या जागाही कराच्या कक्षेत आल्या, आणि महापालिका हद्दीतल्या शेतकऱ्यांना वाटले, आता वावरावरही घरपट्टी! मोर्चे निघाले, महासभा तापली, आयुक्तांवर अविश्वास ठराव आणण्याची तयारी झाली. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्तक्षेपानंतर ठराव मागे घेतला गेला, दरही खाली आले. नोव्हेंबरमध्ये आयुक्तांची बदली झाली.

त्या वेळी चर्चा झाली ती अधिकारी कडक की लोकप्रतिनिधी स्वार्थी, याच अंगाने. दोन्ही बाजूंना आपापले नायक-खलनायक सापडले. मूळ रोग मात्र वेगळा होता. वर्षानुवर्षे दर गोठवून ठेवायचे, मग तिजोरीला भोक पडले की एकदम उडी मारायची, उडीने लोक बिथरले की पुन्हा गोठवायचे. कमाल मर्यादा ही गोठवणूक पक्की करते, म्हणजे पुढच्या उडीची तयारीच करते. दरवर्षी महागाईइतकी वाढ झाली असती तर २०१८ मध्ये कुणाला मोर्चा काढावा लागला नसता आणि बातमीही झाली नसती.

यात केंद्र आणि राज्य दोन दिशांना ओढतात. पंधराव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांना अनुदान हवे असेल तर मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढवा, अशी अट घातली. म्हणजे दिल्ली म्हणते तळ आखा, मंत्रालय म्हणते छत आखा. मधल्या जागेत नगराध्यक्ष आणि सरपंच वाकून उभे. त्यात भर म्हणून मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात थकीत घरपट्टीवर ५० टक्के सवलतीची योजना आली. वसुलीचा आकडा त्याने फुगतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण सप्टेंबरच्या आत ५ टक्के सूट घेऊन दरवर्षी इमानाने पट्टी भरणाऱ्याने आता काय समजायचे? शेजाऱ्याने पाच वर्षे भरली नाही आणि त्याला सूट मिळाली पन्नास टक्के.

थकबाकीदारावर कायद्याचा बडगा नाही असे नाही. जप्तीची तरतूद आहे, मागणीचे बिल बजावल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. म्हणून निवडणुकीचे अर्ज भरायच्या दिवसांत पंचायतीच्या कार्यालयात थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी अचानक गर्दी उसळते. ज्यांचे चेहरे पाच वर्षांत दिसले नाहीत ते रोख पैसे घेऊन उभे असतात. राज्यात त्या दिवसांइतकी सुरळीत वसुली क्वचितच होत असेल. पण थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचाने भावकीतल्या घराला जप्तीची नोटीस लावावी, ही अपेक्षा करायला सोपी आणि निभवायला अवघड. ग्रामसेवकाचे पदनाम आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले असले तरी त्याची बदली करू शकणारी माणसे तीच आहेत.

लोक कर देतच नाहीत, हा मात्र आळशी निष्कर्ष. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने, भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना, वेळेवर कर भरणाऱ्या कुटुंबांना पंचायतीच्या गिरणीत दळण मोफत करून दिले आणि वसुली शंभर टक्क्यांवर नेली. राज्यभरातून लोक ते पाहायला गेले, अनेक गावांनी गिरणी तेवढी उचलली. पाटोद्याचे खरे काम गिरणीच्या पलीकडचे होते. पैसे कुठे जातात हे तिथल्या बाईला रोज पाणी भरताना आणि स्वच्छ रस्त्यावरून चालताना दिसत होते. दर कमी ठेवून पाटोदा घडले नाही.

मग सायखेड्यासारख्या गावासाठी काय व्हायला हवे? आधी नोंदी. गावठाणांचे ड्रोनने सर्वेक्षण करून मिळकत पत्रिका देण्याचे काम पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत प्रयोग म्हणून सुरू झाले आणि २०२० पासून स्वामित्व योजनेतून देशभर गेले. ड्रोनचा नकाशा आणि पंचायतीचा ‘नमुना आठ’ (कर आकारणीची नोंदवही) शेजारी ठेवले तर वाढवलेला मजला, पाठीमागचे गोदाम, रस्त्यावरचे नवे गाळे आपोआप दिसू लागतात. दर न वाढवताही उत्पन्न वाढते, आणि आजवर नियमाने भरणाऱ्याचा राग थोडा शांत होतो. हे केल्याशिवाय दरवाढीला हात घालणे म्हणजे सरळ माणसालाच पुन्हा पिळणे.

त्यानंतर दर. राज्याने किमान दर ठेवावा, म्हणजे निवडणूक जिंकण्यासाठी कुणी घरपट्टी शून्यावर आणणार नाही. कमाल दराची गरज राहत नाही. ती काढावी आणि निर्णय ग्रामसभेवर सोडावा. ग्रामसभा अवाजवी कर लावील ही भीती ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या ग्रामसभेत मागच्या बाकावर बसून पाहावे. तिथे पाणीपट्टी पन्नास रुपयांनी वाढवायची तरी तासभर खडाजंगी होते. चार वर्षांनी एक मोठी फेरी करण्यापेक्षा दरवर्षी लहान वाढ आणि हप्त्यांची सोय असेल तर कांदा पडलेल्या वर्षीही घर चालते.

सवलती द्यायच्याच, पण त्यांचा हिशेब उघड हवा. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफ करण्याचा निर्णय राज्याने घेतला. त्याला कुणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण माफीची घोषणा ज्याने केली त्यानेच ती रक्कम गावाला भरून द्यावी, एवढा साधा नियम कायद्यात यायला हवा. पुरात घर गेलेल्या गल्लीची त्या वर्षाची पट्टी माफ करण्याचा अधिकार पंचायतीला स्वतःला असावा आणि ती तूट राज्याच्या आपत्ती निधीतून भरून निघावी. अशी माफी नेमकी ज्याच्या घरात पाणी शिरले त्याला मिळते. सरसकट गोठवलेल्या दराचा फायदा टेकावरच्या बंगल्यालाही मिळतो.

आणि राज्याने आपली बाकीही वेळेवर द्यावी. जमीन-घरांच्या खरेदी-विक्रीवर मुद्रांक शुल्काबरोबर जो एक टक्का अधिभार वसूल होतो, त्यातला हिस्सा जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीचा असतो. नाशिकच्या आसपास जमिनींचे व्यवहार जोरात आहेत, शुल्क दस्त नोंदवतानाच घेतले जाते, पण पंचायतीपर्यंत ते पोहोचायला बराच काळ जातो. घरपट्टीच्या थकबाकीवर पंचायत दंड आकारते, शासनाकडे अडकलेल्या तिच्याच पैशावर मात्र तिला व्याज मिळत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. पुढच्या आयोगाचा पैसा येईल, नव्या अटी येतील, पोर्टलवर नवे रकाने येतील. दरम्यान २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कर आकारणीचा विषय पत्रिकेवर घ्यायला आजही कुणाची परवानगी लागत नाही. गेल्या वर्षी घरपट्टी किती जमली, त्यातून पुलाजवळच्या पानवेली काढायला, गटारांना, दिव्यांना किती लागले, हे आकडे सरपंचाने तिथे वाचून दाखवावेत आणि किमान-कमाल पट्ट्यातला कोणता दर घ्यायचा हे हात वर करून ठरू द्यावे. पावसाळा ओसरलेला असतो, चिखल काढायला कोण आले होते आणि कोण नव्हते हे सगळ्यांना आठवत असते.